सॉकेट जोडणी त्रुटी

'''सॉकेट जोडणी त्रुटी''' म्हणजे संगणकावरील एखादी आज्ञावली जाळ्यामार्फत दुसऱ्या आज्ञावलीशी संपर्क साधत असताना तो संपर्क प्रस्थापित न होणे, किंवा प्रस्थापित झाल्यानंतर मध्येच तुटणे. हिशेबाची आज्ञावली, डेटाबेस वापरणारे कार्यालयीन सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचे साधन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशा अनेक ठिकाणी या त्रुटी आढळतात. पडद्यावर त्या बहुधा एक क्रमांक आणि एक लहानसे इंग्रजी वाक्य या स्वरूपात दिसतात.

व्यवहारात अशा प्रत्येक संदेशाचा अर्थ ‘सर्व्हर डाउन आहे’ असा एकच लावला जातो. प्रत्यक्षात निरनिराळे संदेश निरनिराळ्या गोष्टी सांगतात. विनंती नाकारली गेली, विनंतीला उत्तरच आले नाही, पत्ताच सापडला नाही आणि चालू संभाषण तुटले, या चार स्थितींची कारणे वेगळी असून त्यांवरील उपायही वेगळे आहेत. त्यामुळे संदेश नीट वाचणे हीच निदानाची पहिली पायरी ठरते.

== संज्ञा आणि इतिहास ==

‘सॉकेट’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खोबण असा आहे. विजेची पिन ज्यात बसते त्या खोबणीलाही हाच शब्द रूढ आहे. संगणकीय जाळ्यांच्या संदर्भात तो १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याच्या दस्तऐवजांत वापरला जाऊ लागला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने ४.२ बीएसडी ही युनिक्स प्रणालीची आवृत्ती प्रसृत केली. आज प्रचलित असलेली सॉकेटची रचना मुख्यतः याच आवृत्तीतून आली आहे.

विंडोज प्रणालीसाठी या रचनेचे ‘विनसॉक’ हे रूप १९९२ पासून तयार झाले. त्यात बर्कलीच्या मूळ त्रुटी क्रमांकांत १०,००० मिळवून नवे क्रमांक ठरवण्यात आले. बर्कली प्रणालीत ‘जोडणी नाकारली’ याचा क्रमांक ६१ होता, तो विंडोजवर १००६१ झाला. ‘वेळ संपली’ याचा ६० हा क्रमांक १००६० झाला. लिनक्समध्ये याच दोन त्रुटींचे क्रमांक अनुक्रमे १११ आणि ११० आहेत. क्रमांक प्रणालीनुसार बदलत असले तरी त्यांचा अर्थ बदलत नाही.

== कार्यपद्धती ==

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता असतो. एकाच संगणकावर अनेक सेवा चालत असल्याने त्यांतील नेमकी सेवा ओळखण्यासाठी ० ते ६५५३५ या मर्यादेतील पोर्ट क्रमांक वापरला जातो. आयपी पत्ता हा वाडा मानला, तर पोर्ट ही त्या वाड्यातील विशिष्ट खोली होय. पत्ता आणि पोर्ट यांच्या जोडीने संभाषणाचे एक टोक निश्चित होते. त्या टोकास सॉकेट म्हणतात.

जी आज्ञावली एखाद्या पोर्टवर विनंतीची वाट पाहते तिला सर्व्हर आणि जी विनंती पाठवते तिला क्लायंट असे म्हणतात. टीसीपी पद्धतीत जोडणी तीन टप्प्यांत होते. क्लायंट जोडणीची विनंती पाठवतो, सर्व्हर ती मान्य करून उत्तर देतो आणि क्लायंट त्या उत्तराची पोच देतो. त्यानंतरच प्रत्यक्ष माहितीची देवाणघेवाण सुरू होते. संबंधित पोर्टवर कोणतीही आज्ञावली वाट पाहत नसेल, तर तो संगणक विनंती फेटाळणारा संदेश उलट पाठवतो.

नकार हासुद्धा एक प्रतिसाद असतो, हा या साऱ्या विषयातील कळीचा मुद्दा आहे. नकार मिळाला याचा अर्थ विनंती कोणत्या तरी चालू यंत्रापर्यंत पोहोचली. पूर्ण शांतता असेल, तर विनंती वाटेत हरवली, मुद्दाम अडवली गेली किंवा पत्त्यावर कोणीच नव्हते, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

== त्रुटींचे प्रमुख प्रकार ==

=== जोडणी नाकारली (१००६१) ===

ही त्रुटी लगेच, फार तर एकदोन सेकंदांत येते. सर्व्हरचा संगणक चालू आहे, पण अपेक्षित पोर्टवर सेवा चालू नाही, असा तिचा सर्वसाधारण अर्थ आहे. सेवा सुरू न होणे, ती दुसऱ्या पोर्टवर चालणे किंवा क्लायंटमध्ये चुकीचा पोर्ट क्रमांक नोंदलेला असणे ही तिची नेहमीची कारणे होत. काही वेळा सेवा केवळ १२७.०.०.१ या स्वतःच्याच अंतर्गत पत्त्यावर वाट पाहत असते. अशा वेळी त्याच संगणकावरून जोडणी होते, मात्र शेजारच्या संगणकावरून होत नाही.

=== वेळ संपली (१००६०) ===

ठरावीक काळ वाट पाहूनही उत्तर न आल्यास ही त्रुटी येते. नव्या जोडणीसाठी विंडोज साधारण २० सेकंद, तर लिनक्स मूळ मांडणीत सुमारे दोन मिनिटे वाट पाहते. चुकीचा आयपी पत्ता, बंद असलेला संगणक, तुटलेली तार आणि विनंती गुपचूप अडवणारी फायरवॉल ही यामागची प्रमुख कारणे आहेत. फायरवॉल चालू असलेला विंडोज संगणक बंद पोर्टवरील विनंतीला नकारही पाठवत नाही. त्यामुळे कार्यालयातील दोन विंडोज संगणकांमध्ये सेवा बंद असतानाही ‘नाकारली’ऐवजी ‘वेळ संपली’ असा संदेश दिसू शकतो.

=== पत्ता सापडला नाही (११००१) ===

सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधण्याचे काम डीएनएस ही यंत्रणा करते. हा शोध निष्फळ ठरल्यास ही त्रुटी येते. या टप्प्यावर जोडणीचा प्रयत्न सुरूच झालेला नसतो. त्यामुळे पोर्ट किंवा फायरवॉल तपासून उपयोग होत नाही. नावातील अक्षराची चूक, बंद पडलेले इंटरनेट किंवा चुकीचा डीएनएस पत्ता यांकडे लक्ष द्यावे लागते.

=== जोडणी तुटली (१००५४ आणि १००५३) ===

पहिल्या त्रुटीत जोडणी तुटल्याचा संदेश समोरच्या बाजूकडून येतो. दुसरीत आपल्याच संगणकाने ती सोडून दिलेली असते. सर्व्हरवरील सेवा पुन्हा सुरू होणे, अँटिव्हायरसचा हस्तक्षेप किंवा जाळ्यातील खंड यांमुळे असे घडते. बराच काळ निष्क्रिय राहिलेली जोडणी राउटर आपल्या नोंदीतून काढून टाकतो, हेही एक वारंवार आढळणारे कारण आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलीच नोंद करताना त्रुटी येते आणि आज्ञावली पुन्हा उघडल्यावर सर्व सुरळीत होते, अशा तक्रारीमागे बहुधा हेच असते. जोडणी जिवंत ठेवणारे संदेश मूळ मांडणीत दोन तासांनी पाठवले जातात. पुष्कळ राउटर तोपर्यंत थांबत नाहीत.

=== पत्ता आधीच वापरात (१००४८) आणि परवानगी नाही (१००१३) ===

या त्रुटी बहुधा सर्व्हरच्या बाजूस येतात. एकच पोर्ट दोन आज्ञावलींनी मागितल्यास पहिली त्रुटी दिसते. एकाच आज्ञावलीची जुनी प्रत पार्श्वभूमीत चालू राहिली असली तरीही ती येते. दुसरी त्रुटी पोर्ट प्रणालीने राखून ठेवलेला असल्यास किंवा सुरक्षा आज्ञावलीने मनाई केल्यास येते.

== निदानाची पद्धत ==

निदान जवळून दूर या क्रमाने करणे सोयीचे असते. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट तपासावी आणि एका वेळी एकच बदल करावा; अन्यथा दोष कशाने दूर झाला हे कळत नाही.

# '''संदेश जसाच्या तसा नोंदवणे.''' त्रुटी क्रमांक, पत्ता, पोर्ट, वेळ आणि त्रुटी येण्यास लागलेले सेकंद टिपून ठेवावेत. तंत्रज्ञाला दूरध्वनीवर ‘चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा ही टिपणे अधिक उपयोगी पडतात.
# '''दोषाची व्याप्ती ठरवणे.''' तीच आज्ञावली शेजारच्या संगणकावर चालते का, आणि त्याच संगणकावर इतर संकेतस्थळे उघडतात का, हे पाहावे. सर्व संगणकांवर एकच त्रुटी असल्यास कारण सर्व्हर, राउटर किंवा इंटरनेट सेवेत असण्याची शक्यता अधिक असते.
# '''स्वतःचा पत्ता पाहणे.''' ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेने संगणकाचा आयपी पत्ता कळतो. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, असे समजावे.
# '''नाव तपासणे.''' ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने सर्व्हरच्या नावाचा पत्ता मिळतो का, हे पाहता येते.
# '''पोर्ट तपासणे.''' विंडोजच्या पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा विशिष्ट पोर्टवर जोडणी होते का, हे सांगते. जुन्या प्रणालींवर यासाठी ‘टेल्नेट’ वापरले जाई.
# '''सर्व्हरवर पाहणी करणे.''' ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘ए’, ‘एन’ आणि ‘ओ’ हे पर्याय जोडून दिली असता कोणत्या पोर्टवर कोणती प्रक्रिया वाट पाहत आहे, हे दिसते.
# '''आज्ञावलीची नोंदवही वाचणे.''' अनेक आज्ञावली आपल्या घडामोडींची नोंद एका फाइलमध्ये ठेवतात. पडद्यावर न दिसणारे मूळ कारण पुष्कळदा तिथे सापडते.

‘पिंग’ या लोकप्रिय आज्ञेचा अर्थ जपून लावावा लागतो. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यामुळे उत्तर न येणे हा सर्व्हर बंद असल्याचा पुरावा नव्हे. उलट पिंगला उत्तर आले, तरी हवा तो पोर्ट खुला आहे असे सिद्ध होत नाही.

== स्वतःच्याच संगणकाशी होणारी जोडणी ==

सॉकेट जोडणी नेहमी दूरच्या संगणकाशीच होते असे नाही. १२७.०.०.१ हा पत्ता स्वतःच्या संगणकासाठी राखीव असून एकाच संगणकावरील दोन आज्ञावली त्याद्वारे परस्परांशी बोलतात. महाराष्ट्रातील नागरिकांचा या प्रकाराशी बराच संबंध येतो. मात्र तो सहसा लक्षात येत नाही.

आधार प्रमाणीकरणासाठी बोटांचा ठसा घेताना ब्राउझर थेट यंत्राशी बोलत नाही. संगणकावर ‘आरडी सेवा’ नावाची आज्ञावली चालू असते आणि ती १२७.०.०.१ या पत्त्यावर १११०० ते १११२० यांपैकी एखाद्या पोर्टवर विनंतीची वाट पाहते. संकेतस्थळ हे पोर्ट क्रमाने तपासून ती सेवा शोधते. सेवा बंद असल्यास यंत्र जोडलेले असूनही ‘यंत्र सापडले नाही’ असा संदेश येतो. पीएम-किसान योजनेच्या ई-केवायसीसाठी सेवा केंद्रात आलेल्या शेतकऱ्याचा ठसा ‘लागत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा दोष बोटांच्या झिजलेल्या रेषांचा आहे की बंद पडलेल्या सेवेचा, हे वेगळे करून पाहणे आवश्यक असते. पहिल्या प्रकारात ठसा घेतला जाऊन तो जुळत नाही. दुसऱ्या प्रकारात ठसा घेण्याची वेळच येत नाही. सेवा बंद असताना शेतकऱ्याला हात धुऊन पुन्हा येण्यास सांगितल्यास त्याची खेप वाया जाते.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसाठी ‘एमसाइनर’ हे साधन वापरले जाते. तेही याच पद्धतीने वापरकर्त्याच्या संगणकावर, पोर्ट १५८५ वर चालते. सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश इथे दिसतो, तेव्हा ‘सर्व्हर’ या शब्दाने दूरचे शासकीय यंत्र अभिप्रेत नसून टेबलावरील संगणकातच चालणारे हे साधन अभिप्रेत असते. ते सुरू नसणे किंवा पोर्ट दुसऱ्या आज्ञावलीने अडवलेला असणे ही त्याची सामान्य कारणे आहेत.

‘लोकलहोस्ट’ या नावामुळेही गोंधळ उडू शकतो. हे नाव आयपीच्या चौथ्या आवृत्तीत १२७.०.०.१ कडे, तर सहाव्या आवृत्तीत वेगळ्या पत्त्याकडे निर्देश करते. सेवा एकाच आवृत्तीवर वाट पाहत असेल आणि क्लायंट दुसरीवर विचारत असेल, तर सेवा चालू असूनही जोडणी नाकारली जाते. अशा वेळी नावाऐवजी १२७.०.०.१ हा पत्ता थेट लिहिल्याने प्रश्न सुटतो.

== तालुक्याच्या गावांतील परिस्थिती ==

वरील त्रुटींची कारणे सर्वत्र सारखी असली, तरी त्यांचे प्रमाण परिस्थितीनुसार बदलते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे कराड–विटा मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावांत वीज जाणे, मोबाइल डेटावरील अवलंबन आणि जवळपास तंत्रज्ञ नसणे या तीन गोष्टींमुळे काही विशिष्ट दोष वारंवार उद्भवतात. पुढील उदाहरणे ही केवळ स्पष्टीकरणासाठी योजलेली आहेत.

'''बदललेला पत्ता.''' समजा, कडेगावातील खते-बियाण्यांच्या दुकानात दोन संगणक असून हिशेबाची माहिती पहिल्यावर साठवलेली आहे आणि दुसरा त्याच्याशी १९२.१६८.१.५ या पत्त्यावर जोडला जातो. वीज जाऊन आल्यावर राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि पहिल्या संगणकाला वेगळा पत्ता मिळू शकतो. दुसरा संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर विचारत राहतो आणि ‘वेळ संपली’ ही त्रुटी येते. राउटरमध्ये पहिल्या संगणकासाठी कायमचा पत्ता राखून ठेवणे हा यावरचा उपाय आहे. वीज गेल्यानंतर दरवेळी आज्ञावली पुन्हा स्थापित करण्याची गरज नसते.

'''जाळ्याचा बदललेला प्रकार.''' नवा राउटर बसवल्यावर विंडोज ते जाळे ‘सार्वजनिक’ मानू शकते. या प्रकारात बाहेरून येणाऱ्या विनंत्यांवर अधिक निर्बंध असतात. पूर्वी चालणारी जोडणी राउटर बदलल्यानंतर बंद पडल्यास, दुकानातील विश्वासू जाळ्याचा प्रकार ‘खासगी’ करून पाहावा.

'''सामायिक सार्वजनिक पत्ता.''' त्याच दुकानाच्या विटा येथील शाखेतून कडेगावच्या संगणकाशी इंटरनेटद्वारे जोडणी करायची असल्यास वेगळीच अडचण येते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते अपुरे असल्याने मोबाइल आणि काही फायबर सेवा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ या अंकांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरच्या बाहेरील बाजूस असा पत्ता दिसत असल्यास बाहेरून आलेली विनंती त्या दुकानापर्यंत पोहोचू शकत नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट खुले केले तरी उपयोग होत नाही. सेवा पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे किंवा व्हीपीएन वापरणे हे मार्ग उरतात.

'''चुकलेले घड्याळ.''' संगणकाच्या मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपल्यास वीज गेल्यावर त्याची तारीख अनेक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीत सर्व्हरचे प्रमाणपत्र विशिष्ट मुदतीतच वैध असते. तारीख चुकलेला संगणक ते अवैध ठरवतो. तांत्रिकदृष्ट्या इथे सॉकेट जोडणी झालेली असते, पण त्यावरील सुरक्षित संभाषण सुरू होत नाही. वापरकर्त्याला मात्र ‘संपर्क होत नाही’ असेच दिसते. तारीख दुरुस्त करून बॅटरी बदलल्याने दोष दूर होतो.

अशा दोषांची सामाजिक बाजूही महत्त्वाची आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा नागरिकांना हक्क आहे. मात्र ही मुदत पूर्ण कागदपत्रांसह अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असलेला देवराष्ट्रे किंवा वांगी येथील विद्यार्थी केंद्रावरून ‘सर्व्हर डाउन’ हे शब्द ऐकून परत जातो, तेव्हा त्याचा अर्जच नोंदला गेलेला नसतो. दोष त्याच केंद्रातील संगणकात असल्यास तो दिवस टाळता येण्याजोगा असतो. दोष खरोखर दूरच्या सर्व्हरमध्ये असल्यास त्रुटीची वेळ आणि संदेश यांचे छायाचित्र पुढील तक्रारीस आधार ठरू शकते.

== सुरक्षेचे प्रश्न ==

जोडणी होत नाही असे दिसताच फायरवॉल किंवा अँटिव्हायरस पूर्ण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने त्रुटी जाऊ शकते, पण संगणक उघडा पडतो. मे २०१७ मधील वॉनाक्राय आणि जून २०१७ मधील नॉटपेट्या हे दोन्ही हल्ले विंडोजच्या पोर्ट ४४५ वरील सेवेतील उणिवेचा उपयोग करून पसरले. नॉटपेट्यामुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले होते. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याऐवजी केवळ संबंधित आज्ञावलीला किंवा एका पोर्टला परवानगी देणे, हा योग्य मार्ग आहे.

डेटाबेसचे पोर्ट (उदाहरणार्थ मायएसक्यूएलचा ३३०६ आणि एसक्यूएल सर्व्हरचा १४३३) आणि दूरस्थ डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर थेट खुले ठेवू नयेत. त्रुटी दुरुस्तीच्या निमित्ताने अनोळखी व्यक्तीस संगणकाचा दूरस्थ ताबा देणेही धोक्याचे आहे. अशा आज्ञावलींद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते.

== आज्ञावलीकारांची भूमिका ==

त्रुटीचे निदान सुलभ होणे हे बऱ्याच अंशी आज्ञावली लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. सर्व त्रुटींसाठी ‘संपर्क अयशस्वी’ असा एकच संदेश दाखवल्यास प्रणालीने पुरवलेली उपयुक्त माहिती वाया जाते. संदेशात पत्ता, पोर्ट आणि मूळ क्रमांक असावा. तसेच वापरकर्त्याने काय करावे हे त्याच्या भाषेत सांगितलेले असावे. ‘हिशेबाचा मुख्य संगणक सापडला नाही, तो चालू आहे का ते पाहा’ हे वाक्य कोणालाही समजते.

जोडणी तुटल्यास पुन्हा प्रयत्न करताना प्रत्येक वेळी मध्यंतर वाढवत न्यावे. सर्व क्लायंट एकाच क्षणी वारंवार विनंत्या पाठवू लागल्यास नुकताच सावरलेला सर्व्हर पुन्हा कोलमडू शकतो. वापरून झालेली सॉकेट बंद न केल्यास तात्पुरते पोर्ट हळूहळू संपतात. विंडोजच्या मूळ मांडणीत ते ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंत, म्हणजे १६,३८४ असतात. सकाळी नीट चालणारी आणि संध्याकाळपर्यंत अडखळू लागणारी आज्ञावली या दोषाची शंका निर्माण करते. आर्थिक नोंदींच्या बाबतीत आणखी दक्षता लागते. उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर व्यवहार झाला नाही असे गृहीत धरता येत नाही. सर्व्हरवर नोंद पूर्ण झालेली असू शकते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन, पुन्हा पाठवण्यापूर्वी आधीची नोंद तपासण्याची सोय आज्ञावलीत असावी.

== हेही पाहा ==

* आयपी पत्ता
* टीसीपी/आयपी
* डीएनएस
* फायरवॉल
* आधार
* महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५